डुलणारी सुरई

"नानाभाऊंचा उजवा हात मोडून ते खाटेला खिळले, तेव्हा ऐन हंगामात त्यांच्या घरची चूल बंद पडू नये म्हणून माझ्या वडिलांनी रात्रीचा दिवस केला. स्वतःच्या चाकावर त्यांनी पांढऱ्या नक्षीच्या सुरया घडवल्या आणि कुठेही वाच्यता न करता त्या नानाभाऊंच्या दारी नेऊन ठेवल्या. समाजभवनातील काचेच्या कपाटातली सुरई त्यांपैकीच एक. तिच्या बुडावरची खाच ही माझ्या वडिलांची खूण होय."

आमच्या कुंभार समाजाच्या स्मरणिकेत माझा चुलतभाऊ वामन याने हे छापून आणले आहे. वामन सज्जन माणूस आहे. त्याचे अक्षर चांगले, भाषा त्याहून चांगली, आणि वडिलांवरचे त्याचे प्रेम तर या दोहोंपेक्षाही चांगले. परंतु या मजकुरात खरे एवढेच आहे की माझा उजवा हात मोडला होता. उरलेले सर्व त्याने प्रेमापोटी घडवले आहे, आणि घडवलेली वस्तू कच्ची की पक्की हे तपासणे हा माझा जन्माचा धंदा आहे.

वाचणारा म्हणेल, एका सुरईवरून म्हातारे कशाला भांडतात? कारण सांगतो. समाजभवनाच्या समितीने त्या कपाटावर पितळी पाटी बसवायचे ठरवले आहे. पाटीवर सुरई घडवणाऱ्याचे नाव कोरले जाणार आहे. पितळेवर एकदा नाव कोरले की ते आम्हां सगळ्यांपेक्षा जास्त जगते. आणि ते नाव वामनच्या वडिलांचे कोरले गेले, तर माझे घर त्या उन्हाळ्यात दुसऱ्याच्या दयेवर जगले असा त्याचा अर्थ होईल. माझे घर दयेवर जगले नाही. ते ज्या हातांवर जगले, ते हात आज हा मजकूर लिहीत असताना माझ्यासमोर तुरीच्या शेंगा सोलत आहेत.

आता बाहेरच्यांसाठी आमच्या कामाविषयी थोडे. आमचे गाव पांढरकवड्यापासून फार दूर नाही. इकडची जमीन काळी. कापसाला सोन्यासारखी, मडक्याला वैऱ्यासारखी. नुसत्या काळ्या मातीचे भांडे केले तर वाळतानाच त्याला भेगा पडतात. म्हणून तलावाचा गाळ आणायचा, त्यात राख आणि गाढवाची लीद मिसळायची, पायाने तुडवायचे, आणि माती बोटाला चिकटण्याऐवजी बोटाचे ऐकू लागली की थांबायचे. चाकावर भांड्याला नुसता आकार येतो. अंग येते ते नंतर, आतून दगडी गोटा धरून बाहेरून लाकडी थापीने ठोकताना. मग लेप. काव, म्हणजे तांबडी माती, पाण्यात कालवून, धोतराच्या फडक्यातून गाळून, अर्धवट वाळलेल्या भांड्याला फासायची. भाजल्यावर ती तांबडी होते. नक्षी पांढऱ्या मातीची. ती राजूरच्या बाजूने यायची, कारण आमच्या शिवारात तशी माती नाही. लेपाची खरी अडचण अशी की भांडे आणि लेप दोन्ही वाळताना आकसतात, पण सारखे आकसत नाहीत. भांडे फार ओले असताना लेप दिला तर तो पसरतो, फार वाळल्यावर दिला तर भट्टीतून निघताना पापुद्र्यासारखा गळतो. मधली वेळ गाठावी लागते, आणि ती गाठण्यासाठी घड्याळ नाही. भांड्याला गाल लावून पाहायचा. भट्टीला आम्ही आवा म्हणतो. त्यात गोवऱ्या आणि पऱ्हाट्या. कापूस वेचून झाला की शेतात उभ्या राहतात त्या काटक्या म्हणजे पऱ्हाट्या. त्यांच्यासारखी आच दुसऱ्या कशाची नाही, असे माझे मत आहे. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी माझ्या आव्यातली भांडी वाजवून पाहावीत.

आणि एक रीत. आमच्यात बाई चाकाला हात लावत नाही. माती तुडवणे, लेप देणे, नक्षी काढणे, आवा रचणे, डोक्यावर टोपले घेऊन बाजार गाठणे, हे सगळे बाईचे. चाक तेवढे पुरुषाचे. असे का, हे मी माझ्या बापाला विचारले नाही आणि त्यानेही त्याच्या बापाला विचारले नसावे.

त्या वर्षी उन्हाळा लागायच्या तोंडाशी तलावाकाठच्या खड्ड्याची दरड माझ्या हातावर आली. हाडवैद्याने कामट्या बांधल्या आणि निक्षून सांगितले, कापूस फुटेपर्यंत हात हलवायचा नाही. कुंभाराचे वर्ष उन्हाळ्यात असते. सुरया आणि माठ तेव्हा विकले गेले नाहीत, तर पुढे गणपती-दिवाळीच्या पणत्यांवर घर चालत नाही. ओसरीत बाज टाकून मी पडलो होतो. समोर चाक. त्यावर माझ्या आईने सवयीने पाणी शिंपडले होते, आणि त्या ओल्या चाकाकडे बघण्याची माझी हिंमत होत नव्हती.

माझी पत्नी द्वारका माझ्याकडेही बघत नव्हती आणि चाकाकडेही. ती मागच्या पडवीतल्या जात्याकडे बघत होती.

"काय पाह्यतं?" मी विचारलं.

"काई नाई. थे बी फिरतेच न."

मला वाटले, काळजीने हिचे डोके फिरले. दुसऱ्या दिवशी तिने जात्याची वरची तळी उचलली, खाली मूठभर कोंडा पसरला आणि तळी परत ठेवली. रिकामे जाते फिरवायचे नसते, दगड दगडाला खातो, हे बायकांना सांगावे लागत नाही. मग वरच्या तळीवर राख भुरभुरली आणि मातीचा गोळा थापला.

माझी आई धावत आली. "वो बाई! अन्नाच्या जात्यावर चिखल? अक्कल गहाण ठेवली काय तुनं?"

"धुवून देईन न, मामी. चार पान्यानं धुवून देईन. अन्नच आनून राह्यलो त्याच्यातून." आमच्याकडे सुना सासूला मामी म्हणतात.

डाव्या हाताने खुंटा धरून ती जाते हळूहळू फिरवत होती आणि उजव्या हाताने मातीच्या वळ्या एकावर एक चढवत होती. आमचे चाक दांड्याने एकदा घुमवले की वाऱ्यासारखे पळते. माती त्या वेगावर वर चढते. जात्याला वेग कुठला? ते दळताना फिरते तसेच फिरणार. मी माझी बाज पडवीत आणवली होती आणि तिच्यावरून ओरडत होतो. असे नाही, तसे नाही. वळी जाड झाली. काठ कलला. सांगायला लाज वाटत नाही की मी त्या काळात आमच्या पंचक्रोशीतला पहिल्या प्रतीचा चाकवाला होतो, आणि पहिल्या प्रतीच्या माणसाला गप्प बसता येत नाही.

"मधात तोंड हाये जात्याले," मी म्हटलं. "माती आत बसून राह्यली. बुड बिघडते. तोंडावर काईतरी झाकन ठेव."

ती न थांबता म्हणाली, "झाकन ठेवलं तं सुरई सरकते. तोंडात बसली म्हून तं मधात राह्यते. तुमचं चाक तिले पकडून ठेवते, माहं जातं कायनं पकडन?"

ज्यांना जाते ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: वरच्या तळीच्या मधोमध धान्य ओतायचे भोक असते, त्याला तोंड म्हणतात. त्या तोंडात आडवी लोखंडी पट्टी असते. ती खालच्या तळीच्या खुंटीवर टेकते आणि तिच्यावर सगळी तळी फिरते. द्वारकेने माती त्या तोंडात मुद्दाम उतरू दिली होती आणि आतून अंगठ्याने दाबून तिथले बुड पातळ केले होते, म्हणजे भाजताना फुटू नये. ज्याला दोष म्हणत मी ओरडत होतो, ती तिने ठोकलेली खीळ होती.

मग नक्षीचा दिवस आला, आणि इथे मला शब्द जपून वापरावे लागतील. आमच्यातल्या बायका कुंच्याने नक्षी काढत. शिंदीच्या काडीचे टोक ठेचले की कुंचा होतो. द्वारकेने कुंचा घेतला नाही. तिने सरकी काढलेला कापूस पांढऱ्या मातीच्या पाण्यात भिजवला, मुठीत धरला, आणि मूठ हलकेच आवळली. पांढरे पाणी तिच्या अनामिकेवरून उतरत बोटाच्या टोकाशी आले. ते टोक तिने सुरईच्या तांबड्या पोटाला लावले आणि डाव्या हाताने खुंटा ओढला. जाते फिरले. रेघ निघाली. मूठ जेवढी आवळेल तेवढी रेघ जाड, सैल सोडेल तेवढी बारीक. जाते एक फेरा पूर्ण करून आले आणि रेघ स्वतःलाच येऊन मिळाली. कुठे सुरू झाली, कुठे संपली, मला दिसले नाही. मी चाकावर उभे आयुष्य घालवले आहे. माझ्या हातून अशी रेघ कधी निघाली नाही. त्यानंतरही निघाली नाही. त्या रेघेखाली तिने सरकीएवढे ठिपके सोडले, थेंबाथेंबाने, आणि प्रत्येक थेंब पडायच्या वेळी जाते बरोबर तेवढेच पुढे सरकत होते. तोंडाने ती दळतानाची लय गुणगुणत होती, शब्द नव्हते. आई दारात उभी होती. तिने पुन्हा जात्याचे नाव काढले नाही.

मी बाजेवर उठून बसलो होतो. दुखत असलेला हात दुखत आहे हे मी विसरलो. देवळात मी फारसा जात नाही. पण देवळात माणसे ज्या भावनेने उभी राहतात म्हणतात, ती मला त्या दिवशी पडवीत कळली.

नेमके त्याच वेळी मोठेबाबा आले. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, वामनचे वडील. आमच्या घराण्यातले सगळ्यांत मोठे कारागीर आणि रीतीभातीला सगळ्यांत कडक. माझी चौकशी करायला आले आणि पडवीच्या उंबऱ्यावर थबकले. द्वारकेने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पण खुंटा सोडला नाही. सोडला असता तर रेघ तुटली असती. मोठेबाबांनी एक शब्द उच्चारला असता तर ती सुरई, तो हंगाम आणि आमचे घर, सगळे तिथेच थांबले असते. जातीत त्यांचा शब्द शेवटचा होता.

त्यांनी पायांतल्या वहाणा काढल्या, आत आले आणि सुरईभोवती वाकून एक फेरी मारली.

माझ्या आईने घाबरत म्हटले, "भाऊजी, चाकाले नाई लावला तिनं हात."

"दिसते मले," मोठेबाबा म्हणाले. "चाकाले मनाई हाये बाईले. जात्याले कोनं मनाई केली?"

आणि दारातून बाहेर पडताना माझ्याकडे वळून, "लेका, तू काहून वरडून राह्यला होता इतके दिस? रस्त्यावर आयकू येत होतं. शिक तिच्यापासून."

वामनचे वडील त्या उन्हाळ्यात माझ्या दारी एकदाच आले ते हे. सुरया घेऊन आले नाहीत. त्यांनी जे दिले ते सुरयांहून मोठे होते, आणि ते वामनने स्मरणिकेत लिहिले असते तर मी त्याला मिठी मारली असती. आणखी एक: रात्रीचा दिवस करणे मोठेबाबांना मान्यच नव्हते. दिवेलागण झाली की ते चाकाला नमस्कार करून उठत, मग कोणी कितीही घाई करो. आणि भांड्यावर खूण? ते म्हणत, ज्याचे भांडे वाजवून ओळखता येत नाही त्याने खुणा कराव्यात. अशा माणसाच्या नावावर खाच खपवणे हा त्यांचा मान नव्हे.

आवा मी बाजेवरून सांगून रचून घेतला. एवढे श्रेय माझे, ते मी कोणालाही देणार नाही. सुरया निघाल्या तांबड्याभडक, वर पांढऱ्या रेघा, ठिपक्यांची ओळ. एकही लेप गळला नव्हता. द्वारका आणि आई टोपली घेऊन पांढरकवड्याच्या बाजारात गेल्या, आणि संध्याकाळी बहुतेक सुरया तशाच परत आल्या.

"काहून?" मी विचारलं.

"डुलते म्हंतात," आई वैतागून म्हणाली. "हात लावला का डुलते. एक बाई तं म्हने, इच्यात दारू भरून ठेवली काय वो?"

बुडाच्या मधोमध उंचवटा, मग ती सपाट जागेवर उभी कशी राहणार? मी म्हटले, घासून काढू. एक घासली, बुड तिथे पातळ, तडकून गेली. द्वारकेने फुटकी सुरई उचलून बाहेर ठेवली आणि म्हणाली, "डुलू द्या. घेनारा येईन."

घेणारा आला तो हमरस्त्यावरून. नागपूर-हैदराबाद रस्ता आमच्या गावाजवळून जातो, आणि त्या काळी ट्रकच्या केबिनमध्ये थंड पाणी ही चैन होती. फाट्यावर एक हॉटेल होते. द्वारकेने उरलेल्या सुरया तिथे झाडाखाली मांडल्या. एक सरदारजी ड्रायव्हर उतरला, अंगाने आव्यासारखा. त्याने एक सुरई डुलवून पाहिली, हसला, आपल्या गाडीतून जुन्या ट्यूबचा कापलेला गोल तुकडा आणला आणि त्यात सुरई बसवली. उंचवटा त्या कड्यात असा रुतला की धक्का दिला तरी सुरई हलेना.

"देख बहनजी," तो म्हणाला, "सपाट पेंदे की तो पहले ही ब्रेक में लुढ़क जाती है। ये बैठेगी।"

तो सुरई घेऊन गेला. परत येताना त्याच्यासोबत आणखी दोन गाड्या थांबल्या. त्यातला एक ड्रायव्हर तेलंगणाकडचा. त्याला हिंदी येत नव्हती आणि द्वारकेला तेलुगू. त्याने नुसते हाताने डुलण्याची खूण केली, आणि तिने ओळखले. हॉटेलवाल्याने ट्यूबचे तुकडे गोळा करून ठेवायला सुरुवात केली आणि आपल्या गल्ल्याशेजारी एक सुरई कायमची ठेवून घेतली, नमुना म्हणून. घर त्या उन्हाळ्यात असे चालले. कापूस फुटला, माझा हात सुटला, मी चाकावर बसलो. द्वारकेने जाते चार पाण्याने धुतले, त्यावर ज्वारी दळली, आणि पुन्हा कधी त्यावर माती ठेवली नाही.

"काहून सोडलं?" मी एकदा विचारले होते.

"तुमाले चाक हाये न आता," ती म्हणाली. एवढेच. ते उत्तर मला आजही पुरेसे वाटत नाही. त्या हाताने पुढे माझ्या सपाट बुडाच्या सुरयांवर कुंच्याने नक्षी काढली, आणि लोक माझे नाव घेत विकत घेत राहिले. मी त्यांना अडवले नाही.

पुढे घरोघर फ्रीज आले, केबिनमध्ये प्लास्टिकचे जार आले, आणि रस्त्याकडेला परराज्यातून आलेले तोटीचे रंगवलेले माठ मांडले जाऊ लागले. त्यांचा रंग हाताला लागतो, पण तो वेगळा विषय. रस्ता चौपदरी झाला तेव्हा फाट्यावरचे हॉटेल पडले. हॉटेलवाल्याच्या मुलाने गल्ल्याजवळची ती सुरई समाजभवनाला दिली. तीच ही.

स्मरणिका हाती पडल्यावर मी समितीच्या बैठकीत उभा राहिलो. वामन नम्रपणे म्हणाला, "नानाभाऊ, तुमी बाजेवर तापानं फनफनत होते. तुमाले काय दिसलं, काय भासलं, कोन सांगन? अशी सारखी रेघ चाकाशिवाय निघतच नाई. अन् चाकाले बाई हात लावत नाई. मंग सुरई कोनाची?"

तर्क चोख होता. त्यात एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे जाते. मी म्हटले, "द्वारका जिवंत हाये. तिले विचारा."

"वहिनी तुमच्याच बाजूनं बोलन न," वामन म्हणाला, आणि सगळे हसले.

घरी येऊन मी द्वारकेला हे सांगितले. ती म्हणाली, "कोरू द्या त्याईचं नाव. मोठेबाबा बरे मानूस होते." माझा पारा चढला. बरे माणूस होते म्हणूनच खोटे कोरू द्यायचे नाही, हे तिला पटवायला मला रात्रीचे जेवण थंड करावे लागले. शेवटी ती म्हणाली, "मंग भांडता कायले? जातं हाये न मांगं. सुरई आना म्हनाव."

मी समितीला तसा निरोप धाडला.

गेल्या रविवारी समितीची माणसे आमच्या घरी आली. सुरई वामनने स्वतः आणली, उपरण्यात गुंडाळून, लेकरू आणावे तशी. जाते आता न्हाणीजवळ असते. गिरणी आल्यापासून त्यावर कपडे आपटले जातात. द्वारकेने त्याच्या तोंडात साचलेली माती काडीने कोरून काढली, पाणी ओतले, आतली लोखंडी पट्टी बोटाने पुसली. मग वामनला म्हणाली, "ठेवा भाऊजी. हळू. माही हाये ते."

वामनने सुरई जात्यावर ठेवली आणि हलकेच फिरवली. उंचवटा तोंडात उतरला. माती वाळताना आणि भाजताना जेवढी आकसते, तेवढीच जागा भोवती मोकळी राहिली, त्याहून जास्त नाही. आणखी थोडी फिरवल्यावर, वामन जिला वडिलांची खूण म्हणतो ती बुडावरची खाच त्या आडव्या पट्टीवर बसली. सुरई डुलायची थांबली. द्वारकेने खुंटा धरला, जाते ओढले, आणि सुरई त्याच्याबरोबर फिरली.